नाकात खोल काडी घालता येत नाही तेव्हा : श्वसनविषाणूंच्या तपासणीसाठी नमुना घेण्याच्या पर्यायी पद्धती

कार्तिक सरत आला की वाळवा, कराड आणि कडेगाव तालुक्यांतील उसाच्या फडांलगत तोडणी कामगारांच्या खोप्या उभ्या राहतात, आणि थंडी वाढेल तशा त्या खोप्यांतल्या आया खोकणारी मुले कडेवर घेऊन उपकेंद्राच्या पायरीशी येऊ लागतात. नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पहिली खरी परीक्षा तिथे होते. मूल हातपाय झाडते, आई त्याचे डोके घट्ट धरायला कचरते, आणि नाकातून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जायला हवी ती काडी निम्म्या वाटेतूनच बाहेर निघते. असा अर्धवट नमुना मिरजेच्या किंवा कराडच्या प्रयोगशाळेत पोचतो, 'विषाणू आढळला नाही' असा अहवाल येतो, आणि त्यावर सगळे विश्वास ठेवतात. अशा प्रसंगी दुसरा कोणता नमुना घ्यावा, कोणाकडून घ्यावा आणि कसा घ्यावा, हे या कामात नवीन असलेल्यांसाठी पुढे क्रमाने दिले आहे. निदान आणि उपचार यांचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचाच, हे येथे गृहीत धरले आहे.

मूळ पद्धत आधी समजून घ्यावी

नाकाची पोकळी मागे जिथे घशाला मिळते त्या जागेला नासाग्रसनी म्हणतात. फ्ल्यू, आरएसव्ही (तान्ह्या मुलांना जास्त त्रास देणारा विषाणू), कोरोना असे बहुतेक श्वसनविषाणू आजाराच्या पहिल्या दिवसांत तेथील पेशींत भरपूर वाढतात, म्हणून नासाग्रसनीचा स्वॅब, म्हणजे बोंड्याच्या काडीने पुसून घेतलेला नमुना, हा आजही तुलनेचा मापदंड मानला जातो. काडी वरच्या दिशेने, म्हणजे भुवयांकडे, न्यायची नसते. ती टाळूला समांतर ठेवून सरळ मागे न्यायची असते. नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंतचे अंतर बाहेरून डोळ्यांनी मोजले, तर किती खोल जायचे याचा अंदाज येतो. अडथळा लागला की तेथे काही सेकंद काडी थांबवून, हळू फिरवून, मग बाहेर काढावी. अडथळा फार लवकर लागला तर जोर न लावता दुसरी नाकपुडी पाहावी.

काडी कोणती आहे हेही पाहावे. नायलॉनचे बारीक तंतू उभे असलेला किंवा पॉलिएस्टरचा बोंडा आणि प्लॅस्टिकची दांडी असलेलाच स्वॅब वापरावा. लाकडी दांडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा बोंडा यांतील घटक आरटी-पीसीआरच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या तपासणीच्या, रासायनिक प्रक्रियेत अडथळा आणू शकतात, त्यामुळे कपाटात जुने पाकीट शिल्लक आहे म्हणून ते संपवण्याचा मोह टाळलेला बरा.

नाकाची अलीकडे शस्त्रक्रिया किंवा दुखापत झालेली असणे, नाकाचा पडदा फार वाकडा असणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणे, रक्त न गोठण्याचा आजार असणे, यांपैकी काहीही असेल तर खोल स्वॅबचा आग्रह धरू नये. ते विचारण्याला अर्धा मिनिटही लागत नाही, तरीही गर्दीच्या दिवशी नेमके तेच राहून जाते.

पर्याय निवडण्यापूर्वीचे तीन प्रश्न

पर्यायी नमुना म्हणजे दुय्यम नमुना, असा समज नव्या माणसात हमखास असतो, आणि त्याच्या उलट, 'काहीतरी पाठवू, प्रयोगशाळा बघून घेईल' हा समज जुन्यांत असतो. दोन्ही चुकीचे आहेत. जो विषाणू नमुन्यात आलाच नाही तो कोणतेही यंत्र शोधून देणार नाही. आणि योग्य दिवशी, योग्य माणसाकडून, योग्य तपासणीसाठी घेतलेली साधी लाळही अर्धवट घेतलेल्या खोल स्वॅबपेक्षा कामाची ठरते.

म्हणून आधी विचारावे, की आजाराचा कितवा दिवस आहे. फ्ल्यूचे विषाणू प्रौढ माणसात पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक सापडतात आणि नंतर वेगाने कमी होतात. कोरोनात पहिल्या आठवड्यात नाक-घशात विषाणू भरपूर असतात, पण आजार छातीत उतरल्यावर वरचा नमुना कोरा येऊ शकतो. दुसरा प्रश्न समोरच्या माणसाचा : गुळणी करता येते का, थुंकता येते का, तोंड कोरडे आहे का, धाप लागली आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो, तो म्हणजे हा नमुना ज्या तपासणीसाठी चालला आहे ती तपासणी या प्रकारच्या नमुन्यावर पडताळलेली आहे का. किटच्या माहितीपत्रकात 'नाकाचा स्वॅब' लिहिले असेल तर त्यावर लाळ घालून आलेल्या उत्तराला काहीच अर्थ नसतो, मग रेघ एक उमटो की दोन. नमुना घेण्यापूर्वी प्रयोगशाळेला एक फोन करून 'लाळ चालेल का, गुळणी चालेल का' हे विचारून घ्यावे.

नाकपुडीतला स्वॅब

पर्यायांत सर्वांत सोपा आणि माझ्या मते ग्रामीण भागात सर्वांत आधी विचारात घ्यावा असा हा नमुना आहे, कारण तो रुग्ण स्वतः घेऊ शकतो आणि कर्मचारी दोन पावले लांब उभा राहू शकतो. आधी शेंबूड हलकेच शिंकरून टाकायला सांगावे. मग बोंडा पूर्ण आत जाईल इतकाच, म्हणजे साधारण १ ते १.५ सेंटिमीटर, स्वॅब घालून तो नाकपुडीच्या आतल्या भिंतीला टेकवून किमान चार वेळा गोल फिरवावा. त्याला सुमारे १५ सेकंद लागतात. तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीत तसाच फिरवावा. एका नाकपुडीवर थांबणे आणि भिंतीला न टेकवता पोकळीत नुसती काडी हलवणे, या दोन चुका इथे नेहमी होतात. स्वॅबवर शेंबूड दिसला म्हणजे काम झाले असे नव्हे. भिंतीवरच्या पेशी हव्या असतात.

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या कोरोनाच्या घरगुती किटला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मे २०२१ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून असा स्वॅब लोकांच्या ओळखीचा झाला. मात्र त्याच वेळी परिषदेने हेही स्पष्ट केले होते, की लक्षणे असूनही अशा अँटिजेन तपासणीत काही आढळले नाही तर आरटी-पीसीआर करावी. ही दुसरी ओळ लोक विसरले आहेत. नव्या कर्मचाऱ्याने विसरू नये.

घशाचा स्वॅब बहुतेकांना ठाऊक असतो, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. जीभ चपट्या काडीने दाबून, जीभ, दात आणि हिरड्यांना न लावता, घशाची मागची भिंत आणि दोन्ही टॉन्सिलांच्या जागा पुसाव्यात. एकट्या घशाच्या स्वॅबवर फ्ल्यू निसटण्याची शक्यता जास्त असते, म्हणून शक्य असेल तिथे नाकाचा आणि घशाचा असे दोन्ही स्वॅब एकाच नळीत टाकतात. कुक्कुटपालनाच्या शेडवर काम करणाऱ्या माणसाला पक्षी मेल्यानंतर ताप आला, तर गोष्ट उलटी होते : एच५एन१ या पक्षीफ्ल्यूसाठी घशाचा नमुना महत्त्वाचा असतो, आणि डोळे लाल झाले असतील तर पापणीच्या आतील स्वॅबही घेतात. असा रुग्ण आला तर स्वतः काही करण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे.

लाळ

लाळेच्या नमुन्याला प्रतिष्ठा मिळाली ती कोरोनाच्या काळात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या सलायव्हाडायरेक्ट या पद्धतीला तेथील औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये आपत्कालीन मान्यता दिली, आणि तिच्यात आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, वेगळे काढण्याची महागडी पायरीच गाळलेली होती. पद्धत साधी असली तरी लाळ हा पदार्थ साधा नाही. ती चिकट असते, पिपेटमध्ये तार धरते, आणि तिच्यात अन्नाचे कण, जिवाणू व विकरे असतात.

नमुना घेण्यापूर्वी किमान अर्धा तास रुग्णाने काही खाल्लेले, प्यायलेले किंवा चघळलेले नसावे. आपल्या भागात याच पायरीवर घोटाळा होतो. सकाळी उठल्याबरोबरची लाळ चांगली, असे सांगितले की अनेक वयस्कर बायका उठल्याबरोबर आधी मिश्री लावतात आणि मगच पुढच्या कामाला लागतात. 'काही खाल्ले आहे का' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण मिश्री हे खाणे नव्हे. तंबाखूची चिमूट आणि पान यांचेही तसेच. म्हणून प्रश्न असा विचारावा : 'आजी, मिश्री लावली का? मामा, तंबाखू मळली का?' उत्तर 'हो' असेल तर साध्या पाण्याने चूळ भरायला लावून अर्धा तास सावलीत बसवावे. तपकिरी झालेला नमुना पाठवू नये.

नंतर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची निर्जंतुक नळी द्यावी. रुग्णाने मान थोडी पुढे झुकवून तोंडात आपोआप जमणारी लाळ हळूहळू नळीत सोडावी. खाकरून काढलेला बेडका नको असतो. प्रयोगशाळेने वेगळे काही सांगितले नसेल तर १ ते २ मिलिलिटर लाळ पुरते, मात्र मोजताना फेस धरू नये. लिंबाची फोड डोळ्यांसमोर धरल्याने लाळ लवकर सुटते, पण ती तोंडात घालू देऊ नये.

लहान मुलांसाठी जर्मनीत वापरली गेलेली युक्ती मला फार आवडते. कोलोन आणि परिसरात २०२१ मध्ये प्राथमिक शाळांतील मुलांना स्वॅब काडीच्या गोळीसारखा ३० सेकंद चोखायला देत, मग वर्गातील सगळ्यांचे स्वॅब एकत्र तपासत, आणि त्या एकत्रित नमुन्यात विषाणू आढळला तरच प्रत्येकाचा वेगळा नमुना पाहत. आजारी मुलाच्या निदानासाठी नव्हे, पण निरोगी दिसणाऱ्या गटाच्या चाळणीसाठी हा विचार उपयोगी आहे.

मिठाच्या पाण्याची गुळणी

महाराष्ट्रातील वाचकांना या पद्धतीचा थोडा अभिमान वाटला तर ते गैर नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, सलाइनच्या गुळणीवरून थेट आरटी-पीसीआर करण्याची पद्धत विकसित केली आणि आयसीएमआरने तिला मे २०२१ मध्ये मान्यता दिली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत स्वॅब घेणाऱ्यांचे हात अपुरे पडत होते, रांगा वाढत होत्या, आणि घसा दुखला की मिठाच्या कोमट पाण्याची गुळणी करायची हे आपल्या घराघरांत कोणाला शिकवावे लागत नव्हते.

घरचे मीठ आणि माठातले पाणी मात्र इथे चालत नाही. निर्जंतुक सामान्य सलाइन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचे द्रावण, नळीत मोजून भरलेले असते. रुग्णाला मोकळ्या हवेत, शक्यतो अंगणात किंवा व्हरांड्याच्या टोकाला, इतरांकडे पाठ करून उभे करावे, कारण गुळणी करताना तोंडातून तुषार उडतात आणि बंद खोलीत ते घेणाऱ्यालाच धोक्याचे असते. सगळे सलाइन तोंडात घेऊन, मान मागे टाकून, घशातून आवाज येईल अशी सुमारे १५ सेकंद गुळणी करावी, मग तेच पाणी तोंडभर खळखळवावे, आणि गिळू न देता त्याच नळीत परत सोडावे. पहिल्यांदा करणाऱ्याला आपण स्वतः साध्या पाण्याने करून दाखवणे हे दहा सूचनांपेक्षा उपयोगी पडते. काही माणसे संकोचाने नुसती चूळ भरतात. गुळणीचा आवाज आला नाही तर ते पाणी घशाच्या मागच्या भिंतीला लागलेच नाही असे समजावे.

प्रयोगशाळेत पुढे काय होते तेही माहीत असावे. नीरीच्या पद्धतीत हा नमुना त्यांनी तयार केलेल्या विशिष्ट द्रावणात मिसळून खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवतात आणि नंतर ९८ अंश सेल्सिअसला ६ मिनिटे तापवतात. उष्णतेने विषाणूचे आवरण फुटून आरएनए बाहेर येते आणि ते सरळ पीसीआरला घेता येते, म्हणून आरएनए काढण्याचे किट लागत नाही.

या पद्धतीची कमकुवत बाजू म्हणजे नमुना पातळ होणे. पीसीआरमध्ये दर फेरीला विषाणूच्या प्रती साधारण दुप्पट होतात, म्हणून नमुना दुप्पट पातळ झाला की सीटी मूल्य, म्हणजे विषाणू दिसू लागेपर्यंत लागलेल्या फेऱ्यांची संख्या, सुमारे एकाने वाढते, आणि दहापट पातळ झाला तर सुमारे ३.३ ने. ज्याच्या घशात विषाणू मुबलक आहेत त्याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. आठव्या-नवव्या दिवशी आलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हाच फरक 'आढळला' आणि 'आढळला नाही' यांच्यामधला ठरू शकतो. म्हणून सलाइन नियमाने दिलेल्या मोजमापाचेच असावे. 'थोडे जास्त असले तर बरे' हा विचार इथे उलटा पडतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. अशा नमुन्यांच्या पहिल्याच खेपेला मी नळ्या डब्यात आडव्या ठेवल्या होत्या. स्वॅबच्या नळीत द्रव थोडा असतो, त्यामुळे ती सवय पूर्वी अंगाशी आली नव्हती. गुळणीच्या नळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि खराब रस्त्याच्या हिसक्यांनी काही झाकणे ढिली होऊन एकाचे पाणी दुसऱ्याच्या नळीवर सांडले. ती सगळी खेप टाकून द्यावी लागली आणि माणसांना पुन्हा बोलवावे लागले. तेव्हापासून नळी उभीच, आणि झाकणाभोवती पॅराफिल्मचा, म्हणजे ताणून गुंडाळायच्या मेणपट्टीचा, वेढा.

पाच-सहा वर्षांखालील मुले, गिळायला त्रास होणारे वृद्ध, धाप लागलेले आणि शुद्धीवर नसलेले रुग्ण यांना गुळणी करायला लावू नये.

तान्ही मुले आणि छातीत उतरलेला आजार

आरएसव्ही हा तान्ह्या मुलांतील श्वासनलिकांच्या दाहाचा मोठा कारक आहे आणि त्यासाठी नाकातील स्राव ओढून घेण्याची पद्धत उत्तम मानली जाते. एका नाकपुडीत १ ते १.५ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन सोडून बारीक नळीने, मध्ये सापळ्याची बाटली लावून, तो स्राव परत ओढतात. हे काम सक्शन यंत्र आणि ऑक्सिजन हाताशी असलेल्या ठिकाणीच, प्रशिक्षित परिचारिकेने करायचे असते. उपकेंद्रावर तो प्रयोग करू नये. तेथे नाकपुडीचा हलका स्वॅब घेऊन बाळाला ग्रामीण रुग्णालयात पाठवणे हेच बरोबर. बाळ दूध ओढत नसेल किंवा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर नमुन्यासाठीही थांबू नये.

न्यूमोनिया झालेल्या प्रौढाला खोकल्यातून बेडका पडत असेल तर तो खोल श्वास घेऊन, खोकून, सरळ डबीत घ्यावा. बेडका पडत नसेल तर वाफ देऊन तो मुद्दाम काढवू नये, कारण त्यात इतरांना संसर्गाचा धोका वाढतो. श्वासनलिकेतील नळीतून किंवा दुर्बिणीद्वारे फुप्फुस धुऊन घेतलेले नमुने हा अतिदक्षता विभागाचा विषय आहे.

मास्कच्या आत पट्टी लावून तिच्यावर जमलेले विषाणू तपासण्याचे काम ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात आधी क्षयासाठी आणि मग कोरोनासाठी झाले. कल्पना सुंदर आहे, रुग्णाला काहीच त्रास नाही, परंतु आपल्या नेहमीच्या कामात तिला अजून जागा नाही.

नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले तेव्हा सांगली जिल्ह्यातील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवावे लागत होते; मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाल्यावर ते अंतर मिटले. तरीही जत तालुक्यातील कर्नाटक सीमेवरच्या गावातून निघालेला नमुना उन्हाळ्यात चाळिशीच्या आसपासच्या उष्णतेतून जातो, आणि पाटण खोऱ्यातील नमुना पावसाळ्यात रस्ता खुला व्हायची वाट पाहत थांबतो.

विषाणू वाहक माध्यमात, म्हणजे व्हीटीएममध्ये, ठेवलेला स्वॅब २ ते ८ अंश तापमानात ७२ तासांपर्यंत ठेवता येतो; त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांची सोय लागते. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तो ठेवू नये. नमुन्यांची पेटी लसीच्या पेटीपासून कायम वेगळी असावी आणि तिच्यावर तसे ठळक लिहिलेले असावे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने, म्हणजे सीसीएमबीने, माध्यमाशिवाय कोरडाच स्वॅब पाठवण्याची पद्धत दिली आणि आयसीएमआरने तिला नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. सांडण्याची भीतीच नसल्यामुळे दूरच्या गावांसाठी ती मला फार सोयीची वाटते, पण पलीकडच्या प्रयोगशाळेने ती स्वीकारलेली असली पाहिजे.

बांधणी तिहेरी करावी : घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस आणि न गळणारी झिपची पिशवी, आणि बाहेर कडक पेटी. कागद नळीसोबत पिशवीत घालू नये. तो वेगळ्या पिशवीत ठेवावा, नाहीतर ओल लागून नावेच वाचता येत नाहीत. नळीवर रुग्णाचे नाव, वय, क्रमांक, तारीख व वेळ लिहावी. वापरलेले स्वॅब पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत टाकावेत.

मागणीपत्रावर दोन गोष्टी चुकता कामा नयेत : लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि नमुन्याचा प्रकार. नुसते 'स्वॅब' असे लिहू नये. 'नाकपुडीचा, दोन्ही बाजू, रुग्णाने स्वतः घेतलेला' असे पूर्ण लिहावे. अनेक पीसीआर किटमध्ये विषाणूसोबत आरएनेज पी हे मानवी जनुकही तपासले जाते. ते उमटले नाही तर नमुन्यात माणसाच्या पेशीच पुरेशा आल्या नाहीत किंवा प्रक्रियेत काही अडले असे समजतात, आणि नमुना पुन्हा मागवतात. ते उमटले तरी पेशी नेमक्या कोणत्या जागेच्या आहेत हे ते जनुक सांगत नाही. ती माहिती फक्त मागणीपत्रावरच असते, आणि आजाराच्या दहाव्या दिवशी घेतलेल्या गुळणीत विषाणू न आढळणे व दुसऱ्या दिवशी घेतलेल्या खोल स्वॅबमध्ये न आढळणे यांतला फरक वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यावरूनच कळतो.